वखारीतल्या सभेची बातमी कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वृत्तपत्र विक्रेता आहे. एसटी स्टँडबाहेर रसवंतीच्या शेजारी माझा स्टॉल आहे आणि 1994 पासून मी तुमचं दैनिक विकतो. पहाटे चारला पार्सलची गाडी येते, गठ्ठे उतरतात, आम्ही खाली बसून पुरवण्या घालतो आणि साडेपाचला पोरं लाइनवर निघतात. तालुक्याचं पान छापून आल्यावर आमच्या गावात ते पहिल्यांदा मी बघतो. त्या पानाबद्दलच लिहायचं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर उमेदवार कोण आणि वार्ताहर कोण हे शोधण्यातच लोक गुंततील. माझं नाव-पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो तुमच्यापुरता ठेवावा.

2 डिसेंबर 2025 ला आमच्या नगरपरिषदेचं मतदान झालं. त्याआधीचं मतदान 27 नोव्हेंबर 2016 चं. मला ते चांगलं आठवतं, कारण नोटाबंदी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि महिन्याची बिलं गोळा करताना माझी पोरं जुन्या पाचशेच्या नोटा घेऊन परत येत होती. म्हणजे मध्ये नऊ वर्षं गेली. त्यातली शेवटची चार वर्षं प्रशासक होते. माझ्याकडे सकाळी पेपर टाकून मग कंपनीत कामाला जाणारा एक मुलगा आहे, वय सव्वीस. विधानसभेला, लोकसभेला त्यानं मतदान केलंय. पण आपल्या गल्लीतल्या गटारासाठी कोणाला धरायचं, हे ठरवायचं मत त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं.

आणि ठरवायला वेळ किती मिळाला? अर्ज 10 ते 17 नोव्हेंबर. माघार, अपिलं, हे सगळं होऊन चिन्हं आणि अंतिम यादी आली 26 नोव्हेंबरला. प्रचार 1 डिसेंबरला रात्री दहाला बंद. मतदाराला हातात सहा दिवस. त्यात मतं तीन द्यायची: प्रभागातल्या ‘अ’ जागेचं एक, ‘ब’ जागेचं एक आणि नगराध्यक्षाचं एक. आमच्या प्रभागात दोन जागांना मिळून सात उमेदवार होते. सात जणांची नावं सांगा, असं मी स्टॉलवर येणाऱ्यांना सहज विचारत होतो. सातही नावं सांगणारा मला एकच भेटला आणि तो एका उमेदवाराचा मेव्हणा होता.

सहा दिवस रिक्षा फिरल्या, उपरणी फिरली, पदयात्रा झाल्या. पदयात्रेत उमेदवार दारात येतो, हात जोडतो, म्हातारीच्या पाया पडतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. त्याला काही विचारायचं म्हटलं तर मागून वाजंत्री ढकलत असते. म्हणून आम्ही सहा जणांनी ठरवलं, की प्रभागातले सगळे उमेदवार एका ठिकाणी बसवायचे, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा. आमच्यात एक निवृत्त बँक कारकून, एक अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या दोघी, वखारीचे मालक आणि मी. यात आम्ही नवीन काही शोधलं नाही. मुंबईत ‘अग्नी’सारख्या संस्था महापालिकेच्या निवडणुकांत असे कार्यक्रम घेत आल्या आहेत. त्याच्या बातम्या मी तुमच्याच पेपरातून वाचल्या होत्या.

प्रश्न कुठून आणायचे यावर पहिली चर्चा झाली. मी म्हणालो, पत्रकं पेपरात घालणं हा तर माझा रोजचा धंदा आहे. एका पानाच्या आठ चिठ्ठ्या होतील अशा झेरॉक्स काढल्या. वर छापलं: ‘नगरसेवकाला तुम्ही कोणता एक प्रश्न विचाराल?’ आमच्या प्रभागात जाणाऱ्या 240 अंकांत त्या घातल्या. पोरांनी दुसऱ्या दिवशी दारावरून परत गोळा केल्या. 61 चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या 38 पाण्याच्या होत्या. बाकीच्यांत घरपट्टी, मोकाट कुत्री, घंटागाडी आणि आठवडा बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, हा प्रश्न. एका चिठ्ठीवर शाळकरी अक्षरात होतं, ‘आमच्या शाळेसमोर उसाच्या ट्रॉल्या कधी थांबणार नाहीत?’ सीझन चालू झाला की तिथून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, त्याच्याबद्दल. ही चिठ्ठी मी अजून स्टॉलवर काचेखाली ठेवली आहे.

जागेची अडचण झाली. आधी महादेवाच्या देवळाचा सभामंडप ठरवला होता. आचारसंहितेत धार्मिक जागा चालत नाही, असं निवडणूक कार्यालयात सांगितलं. ते बरोबरच होतं. समाजमंदिर नगरपरिषदेचं, तेही नको. शेवटी वखारीच्या मालकांनी वखार दिली. सागाच्या ओंडक्यांवर फळ्या टाकून बसायची सोय केली. लेखी परवानगी घेतली, स्पीकरची पोलिसांकडून वेगळी घेतली. शनिवारी, 29 नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाला कार्यक्रम झाला. स्पीकर, चहा, झेरॉक्स धरून एकूण खर्च 1,140 रुपये. हा आकडा एवढ्यासाठी सांगतो, की आमच्यासारख्या क वर्ग नगरपरिषदेत सदस्यपदाच्या एका उमेदवाराला अडीच लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे.

सातपैकी पाच उमेदवार आले. दोघांनी ‘बघतो’ म्हटलं आणि आले नाहीत. त्यांच्या खुर्च्या आम्ही तशाच ठेवल्या, वर नावाच्या चिठ्ठ्याही होत्या. माणसं शंभराच्या वर होती. थंडी होती, तरी बायका शेवटपर्यंत थांबल्या.

पाण्याचा प्रश्न पहिला घेतला. ‘आमच्या गल्लीत पाणी रात्री तीनला का येतं?’ पहिला उमेदवार म्हणाला, नवीन योजना मंजूर करून आणू. दुसरा म्हणाला, मागच्यांनी काही केलं नाही. तिसऱ्याने वरच्या नेत्यांचं नाव घेतलं. चौथ्या जागी ‘अ’ जागेच्या एक ताई होत्या. त्यांचे यजमान मागून उठून बोलू लागले. अंगणवाडीच्या बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, ‘भाऊ, अर्ज त्यांचा आहे, उत्तर त्यांना देऊ द्या.’ ताई आधी खाली बघत बसल्या. मग म्हणाल्या, टाकीतून पाणी सुटलं की व्हॉल्व्हमन आधी मंडईकडचा व्हॉल्व्ह खोलतो, कारण तो त्याच्या वाटेवर आहे. आपला व्हॉल्व्ह मारुतीच्या मागे खड्ड्यात आहे. खड्डा पाण्याने भरलेला असतो, म्हणून तो शेवटी येतो. खड्ड्याला कट्टा बांधून झाकण केलं आणि आठवड्याआड क्रम उलटा केला, तर निम्मा महिना तरी आपल्याला पाणी उजाडताना मिळेल. ‘योजना येईल तेव्हा येईल, हे आधी होतंय,’ एवढं बोलून त्या बसल्या. मी त्या गल्लीत तीस वर्षं पेपर टाकतोय, तो खड्डा रोज बघतोय. तो व्हॉल्व्हचा खड्डा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

घरपट्टीवर दोघांची चांगली जुंपली. एक म्हणाला वाढ रद्द करू. दुसऱ्याने, तो तरुण अपक्ष होता, विचारलं, रद्द करून घंटागाडीचं डिझेल कशातून भरणार? लोक ऐकत होते, शिट्ट्या नाहीत, घोषणा नाहीत. आमच्या निवृत्त कारकुनांनी प्रत्येकी दोन मिनिटांची घंटा वाजवली आणि कोणीही त्यावर तक्रार केली नाही. निवडणुकीतली इतकी सभ्य सभा मी आमच्या गावात पाहिली नव्हती. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय.

आता मूळ मुद्दा. आम्ही चार पेपरांच्या वार्ताहरांना निमंत्रण दिलं होतं, त्यात तुमचेही होते. दोघे आले. एकाने फोटो काढला, उत्तरं लिहून घेताना मी त्याला स्वतः पाहिलं. रविवारी पहाटे गठ्ठे फोडल्याबरोबर मी चारही पेपरांचं तालुक्याचं पान उघडलं. कुठेही ओळ नव्हती. आमच्या प्रभागाची बातमी मात्र होती, तीन पेपरांत. ‘विजयाचा निर्धार’, ‘प्रचंड प्रतिसाद’, ‘विकासाला साथ’, शब्दाला शब्द तोच, फोटो तोच, फक्त मथळ्याचा टाइप वेगळा. ज्या उमेदवाराची होती, त्याची खुर्ची आमच्या वखारीत रिकामी होती. तीनपैकी एकाही ठिकाणी ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. त्यात तुमचं दैनिकही होतं, हे सांगताना वाईट वाटतंय. पण न सांगितलं तर पत्राला अर्थ नाही.

सोमवारी आणि मंगळवारीही काही नाही. मतदान झालं. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला आणि दुसऱ्या दिवशीची मतमोजणी 21 डिसेंबरवर गेली. गुरुवारी, 4 तारखेला, एका पेपरात दोन ओळी आल्या: ‘प्रभागात मतदार जागृती कार्यक्रम उत्साहात.’ प्रमुख उपस्थितांची नावं होती, त्यात चुकून माझंही. व्हॉल्व्ह नाही, घरपट्टी नाही, ट्रॉल्या नाहीत. मतं यंत्रात बंद झाल्यावर.

जो फोटो काढून गेला, त्या पोराला मी विचारलं. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, लहानपणी माझ्याकडेच लाइन टाकायचा. म्हणाला, ‘काका, मी बातमी शनिवारी रात्री साडेनऊला पाठवली होती. पण ह्या पंधरा दिवसांत पैसे देऊन बातम्यांचं पॅकेज घेणाऱ्यांनाच जागा आहे. मला काय पगार आहे का? मी जाहिराती आणल्या, तर कमिशन मिळतं, त्यावर घर चालतं. ज्यानं जाहिरात दिली, तो आला नाही असं मी कसं लिहू?’ त्याच्यावर मला राग धरता आला नाही. सकाळी ज्या माणसाकडे जाहिरात मागायची, त्यालाच दुपारी प्रश्न विचारायचा, हे त्या पोराला कसं जमावं? वाढदिवसाची पुरवणी असो नाहीतर निवडणुकीची, तालुक्याचा वार्ताहर असाच चालवला जातो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून चूक त्याची धरू नये, त्याला या जागी उभं करणाऱ्या रीतीची धरावी.

ही रीत कालची नाही, हेही मला माहीत आहे. 2009 च्या विधानसभेच्या वेळी वेगवेगळ्या पेपरांत तोच मजकूर बातमी म्हणून आला होता. ते पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त मांडल्यावर देशभर बोभाटा झाला. प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, तिचा अहवाल 2010 मध्ये झाला आणि पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला पुढचं साल उजाडलं. तेव्हा मी स्टॉलवर असलेले चार पेपर शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवायचो. पण ती विधानसभा होती, मोठमोठी माणसं, मोठ्या रकमा. गल्लीतल्या नगरसेवकाच्या निवडणुकीतही तेच येईल, असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या गावात एक साप्ताहिक निघायचं. संपादक स्वतःच खिळे जुळवायचे आणि पायाने ट्रेडल मारायचे. चार पानं, गुरुवारी निघायचं, माझ्याकडून सव्वाशे अंक जायचे. त्यात दुसऱ्या पानावर ‘नगरपरिषदेच्या सभेत’ नावाचं सदर होतं. कोणी कोणता विषय मांडला, कोणी विरोध केला, ठराव किती विरुद्ध किती मतांनी झाला, कोण गैरहजर. एवढंच. टीका नाही, कौतुक नाही. पण त्या सदरासाठी माणसं अंक मागायला यायची. एका नगरसेवकाचं नाव ‘गैरहजर’मध्ये लागोपाठ तीनदा आलं, तर त्याच्या आईनं त्याला घरी विचारलं होतं. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय. संपादक वारले आणि साप्ताहिक बंद पडलं. त्यानंतर सभागृहात काय होतं, हे आम्हाला ठेकेदारांच्या बोलण्यातून कळतं. गावाकडे ग्रामसभा तरी आहे. शहरांसाठी 2009 साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण तिला हजर राहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. अशा वेळी मतदाराला उमेदवार समोरासमोर भेटण्याची जागा कोणती? वखारीतली ती संध्याकाळ आणि तुमचं तालुक्याचं पान.

येत्या 15 जानेवारीला 29 महापालिकांचं मतदान आहे आणि आमच्याकडे अजून जिल्हा परिषद, पंचायत समिती राहिली आहे. उमेदवार कोणत्या गुन्ह्यात आहे, त्याची मालमत्ता किती, हे प्रतिज्ञापत्रात असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली मतदाराचा तो हक्क मानला, म्हणून ते आज वाचायला मिळतं. पण तो गटाराचं काय करणार, हे प्रतिज्ञापत्रात नसतं. ते विचारावं लागतं, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवावं लागतं. रात्रपाळीला गेलेला माणूस, घरात आजारी माणूस असलेली बाई, हे वखारीत येऊ शकत नाहीत. ते सकाळी पेपर उघडतात.

म्हणून माझी मागणी आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात आणि पंचायत समितीच्या प्रत्येक गणात सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं सारख्याच शब्दमर्यादेत, नावांच्या अकारविल्हे क्रमाने, एक पैसा न घेता छापा. चिठ्ठ्यांतून प्रश्न गोळा करून द्यायचं काम आम्ही विक्रेते करू. तालुक्यातल्या बाकीच्या विक्रेत्यांशी मी बोललोय, त्यांची तयारी आहे. ज्याचे पैसे आले, त्यावर ठळक ‘जाहिरात’ लिहा. जाहिराती घेऊ नका असं मी म्हणत नाही, कागदाचा भाव मलाही कळतो. आणि निवडणुकीचे ते पंधरा दिवस तरी वार्ताहराला ठरलेलं मानधन द्या, जाहिरातीसाठी दुसरा माणूस नेमा. जिथे लोक असा कार्यक्रम घेतील, तिथली बातमी मतदानाआधी येऊ द्या. आलेल्याचं उत्तर लिहा आणि न आलेल्याची रिकामी खुर्चीही लिहा. आमच्या पाचांपैकी कोणीही खोटी स्तुती मागितली नव्हती. ते थंडीत दोन तास बसले, लोकांचे प्रश्न ऐकले, त्याची नोंद व्हावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांच्यातला तो तरुण अपक्ष मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘काका, पुढच्या वेळी मीही पॅकेजच घेतो.’ हे वाक्य मला झोपू देत नाही.

21 तारखेला निकाल लागला. एकोणीस दिवस स्ट्राँगरूमबाहेर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते पाळीपाळीने बसून होते. व्हॉल्व्हवाल्या ताई निवडून आल्या. ‘ब’ जागेवर ज्याची खुर्ची रिकामी होती तो निवडून आला. तरुण अपक्ष पडला. लोकांनी दिलेला कौल आहे, त्यावर माझं म्हणणं नाही. मला फक्त इतकंच वाटतं, की रविवारच्या पेपरात पाचही जणांची उत्तरं आली असती, तर मतदाराने जे ठरवलं ते वाचून ठरवलं असतं.

येत्या मंगळवारी 6 जानेवारी, दर्पण दिन. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. दरवर्षी त्या दिवशी आमच्या तालुक्यात पत्रकारांचा सत्कार होतो आणि विक्रेत्यांनाही बोलावतात. मी दरवर्षी जातो, यंदाही जाणार आहे. त्या पोराचा हात धरून त्याला शेजारी बसवणार आहे. त्याने साडेनऊला पाठवलेली बातमी त्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे, मी वाचली. चांगली लिहिली आहे.

सोबत तीन पेपरांतली कात्रणं जोडली आहेत. त्या संध्याकाळी झालेल्या प्रश्नोत्तरांची, रेकॉर्डिंग ऐकून हाताने उतरवलेली अकरा पानंही आहेत. आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी ती रात्री जागून लिहिली. निवडणूक झाली असली, तरी पाणी अजून तीनलाच येतंय आणि खड्ड्यावर झाकण बसलेलं नाही. जागा कमी असेल तर माझं हे पत्र छापू नका. त्यातली पाण्याची दोन पानं तेवढी छापा, प्रत्येकाच्या नावासकट.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता
2 जानेवारी 2026